खडू, फळा आणि पडदा

(शाळेत शिकवण्यासाठी नवनवी यंत्रे येत असतात. काही टिकतात, काही कपाटात जाऊन बसतात. असे का होते, याचा विचार या पाठात केला आहे.)

शाळेचा वर्ग म्हटला, की डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येते? काळा फळा, खडू, डस्टर आणि समोर बसलेली मुले. फळ्याला कोणी यंत्र म्हणणार नाही. पण तेही माणसाने शोधून काढलेले साधनच आहे, आणि मोठे गुणी साधन आहे. सर फळ्यावर एक ओळ लिहितात, तेवढ्या वेळात मुले ती वहीत उतरवून घेतात. शिकवणाऱ्याचा हात आणि शिकणाऱ्याचा हात एकाच गतीने चालतो. चुकले तर पुसता येते. वीज लागत नाही. साठ मुलांना एकाच वेळी दिसते. इतक्या स्वस्तात इतके काम करणारे दुसरे साधन अजून तरी वर्गात आलेले नाही.

हे साधे साधनही सगळ्या मुलांच्या वाट्याला सहज आले, असे समजू नका. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली देशात 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' ही योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिला 'खडू-फळा मोहीम' म्हणत. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, तक्ते असे साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. स्वातंत्र्य मिळून चाळीस वर्षे झाली, तरी फळ्यासाठी योजना काढावी लागली. वर्गातल्या यंत्रांच्या मोठमोठ्या गोष्टी ऐकताना ही एक गोष्ट मनात असू द्यावी.

मोठ्या गोष्टी करणाऱ्यांत मोठी माणसेही होती. विजेच्या दिव्यामुळे ज्यांचे नाव घरोघर पोहोचले, त्या टॉमस एडिसन यांनी १९१३ साली भाकीत केले, की शाळेतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील, सगळे विषय चित्रपट दाखवून शिकवता येतील आणि दहा वर्षांत शाळेचे रूप पार बदलून जाईल. त्या गोष्टीला शंभरहून अधिक वर्षे झाली. तुमच्या दप्तरात आजही पुस्तके आहेत, आणि दप्तराचे ओझेही कमी झालेले नाही!

आपल्या देशातला एक प्रयोग मात्र खरोखर पाहण्यासारखा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष भारतात उपग्रहावरून शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग झाला. 'साइट' हे त्याचे थोडक्यातले नाव. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसवले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची, दहा फूट व्यासाची छत्री उभारून आकाशातला संदेश पकडला जाई. ज्या गावांनी रेल्वेही पाहिली नव्हती, तिथे हलती-बोलती चित्रे पोहोचली. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम असे, संध्याकाळी मोठ्यांसाठी. एकाच चित्राबरोबर दोन भाषांतला आवाज पाठवण्याची सोयही त्यात होती. चित्र एकच, पण एका गावात ते तेलुगू बोलते आणि दुसऱ्या गावात कन्नड! सुट्टीच्या दिवसांत शिक्षकांनाही या संचांवरून विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले.

पण तो उपग्रह आपला नव्हता. तो अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचा होता आणि एका वर्षासाठी मागून आणलेला होता. मुदत संपली आणि उपग्रह भारतावरून हलवला गेला. पुढे भारताने स्वतःचे उपग्रह सोडले. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली आणि मुलांसाठी मराठी कार्यक्रम तयार करू लागली. २० सप्टेंबर २००४ रोजी तर केवळ शिक्षणासाठी बनवलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. 'बालचित्रवाणी' २०१७ मध्ये बंद झाली. यंत्र आणणे हा एक दिवसाचा समारंभ असतो. ते वर्षानुवर्षे चालवायचे, तर रोज पैसा, माणूस आणि लक्ष लागते.

संगणकाचेही असेच झाले. १९८४ च्या सुमारास सरकारने देशातील सुमारे अडीचशे शाळांत प्रायोगिक रीतीने संगणक दिले. नव्वदच्या दशकात अनेक शाळांत संगणकाची वेगळी खोली झाली. त्या खोलीत जाताना पादत्राणे बाहेर काढावी लागत. संगणकावर कापडाचे अभ्रे चढवलेले असत आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असे. धूळ लागू नये म्हणून एवढी काळजी घेतली जाई, की कधीकधी मुलांचा हातही लागत नसे.

याचे एक नोंदलेले उदाहरण गुजरातमधल्या बडोदे शहरातले आहे. २००० साली तिथल्या बहुतेक महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक मिळाले होते. दोन वर्षांनी चौकशी केली, तेव्हा मुलांच्या शिकण्यासाठी ते फारसे वापरलेच जात नाहीत, असे आढळले. मग 'प्रथम' या संस्थेने तिथे एक उपक्रम सुरू केला. चौथीच्या मुलांनी आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ खेळायचे. एका संगणकावर दोन मुले. उत्तर बरोबर आले, की पुढचे गणित थोडे अवघड. चुकले, की थोडे सोपे. जवळ एक मार्गदर्शक असे. तो मुलांना उत्साह देई, अडचण सोडवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची काटेकोर तपासणी केली. (यांपैकी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा.) मुलांचे गणित चांगलेच सुधारले होते. भाषेत मात्र फरक पडला नव्हता. तो पडणार तरी कसा? खेळ गणिताचे होते.

याच संशोधकांनी त्याच काळात मुंबई आणि बडोदे येथे दुसराही एक उपाय तपासला. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी रोज सुमारे दोन तास मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वेगळे बसवून वाचन आणि हिशेब शिकवी. तिला 'बालसखी' म्हणत. बालसखीकडे यंत्र नव्हते. तरी तिच्या मुलांचीही प्रगती झाली, आणि संगणकाच्या तुलनेत खर्च कितीतरी कमी आला. आणखी एक गोष्ट दिसली, ती फारशी आनंदाची नाही. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिले, तर दोन्हींचा बराचसा फायदा ओसरलेला होता. शिकलेले टिकायचे, तर सराव चालू राहावा लागतो; मग तो यंत्राने करून घ्या की बालसखीने.

बडोद्यात यंत्राला काम ठरवून दिले होते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने दुसरा रस्ता धरला. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना २००५ च्या सुमारास जगभर गाजत होती. (आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातही २००७ मध्ये एका लहानशा शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते.) पेरूने लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुलांना लॅपटॉप मिळाले होते आणि ती ते वापरतही होती. पण गणित आणि भाषा या विषयांच्या परीक्षेत त्यांचे गुण वाढलेले दिसले नाहीत. लॅपटॉपमध्ये दोनशेच्या आसपास पुस्तकेही भरलेली होती; तरी वाचनाची सवय वाढल्याचे दिसले नाही. यंत्र मुलाच्या हातात पोहोचले, पण त्याचे धड्याशी नाते जोडून देणारे कोणी नव्हते.

आता आपल्याच वर्गात येऊ. विज्ञानाच्या तासाला पडद्यावर हृदयाचे चित्र हलू लागते. रक्त एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाते, झडप उघडते, मिटते. पुस्तकातल्या चित्रात झडप दिसते. पण ती एकाच बाजूला का उघडते, हे हलत्या चित्रात एका मिनिटात कळते. बी रुजून अंकुर वर यायला काही दिवस लागतात. तेच चित्रफितीत अर्ध्या मिनिटात दिसते. ज्वालामुखी, ग्रहण, पाण्याच्या थेंबातला अमीबा – जे फार मोठे, फार लहान, फार मंद किंवा फार दूर आहे, ते डोळ्यांसमोर आणावे ते पडद्यानेच. ज्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला यंत्र पुस्तक वाचून दाखवते. या उपकाराला तर तोडच नाही.

पण लंबकाचा प्रयोग घ्या. एक मीटर लांबीच्या दोरीला दगड बांधून झुलवला, तर एक पूर्ण झोका सुमारे दोन सेकंदांत होतो. पडद्यावरचा लंबक दर वेळी बरोबर दोन सेकंदच दाखवतो. वर्गात पाच गटांनी प्रत्यक्ष मोजले, तर कोणाचे उत्तर १.९ येते, कोणाचे २.१, आणि एखाद्या गटाचे चक्क १.६! मग वाद सुरू होतो. एकाने दगडाच्या मध्यापर्यंत न मोजता गाठीपर्यंतच मोजलेले असते. दुसऱ्याने एकच झोका मोजला, तिसऱ्याने वीस झोके मोजून भागाकार केला. दोरी फार जोराने ओढली का? घड्याळ उशिरा थांबवले का? त्या अर्ध्या तासात मुले जे शिकतात, तेच विज्ञान आहे. पडद्यावरचा लंबक कधी चुकत नाही, म्हणून तो हे शिकवू शकत नाही. लोहचुंबकाची समान टोके जवळ आणताना बोटांना बसणारा धक्काही काचेतून बाहेर येत नाही.

गणकयंत्राचेही तसेच. ४८ गुणिले ५२ किती? बोट घसरून ५२ च्या जागी ५२० पडले, तर यंत्र निमूटपणे २४९६० हे उत्तर देते. ज्याला मनात पन्नास गुणिले पन्नास म्हणजे अडीच हजार, एवढा अंदाज करता येतो, तो लगेच थबकतो. ज्याला येत नाही, तो तेच उत्तर वहीत लिहून मोकळा होतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी हे माढा तालुक्यातले छोटे गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर चौकोनी क्यूआर संकेत छापायचा आणि मोबाइल त्याच्यावर धरला की त्या धड्याची कविता, चित्रफीत किंवा प्रश्न उघडायचे, ही त्यांची युक्ती. ती पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आली. पुरस्काराच्या बातम्यांत सगळीकडे त्या चौकोनांचीच चर्चा झाली. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यांच्या शाळेतल्या अनेक मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्यांना समजत नव्हती. तेव्हा डिसले सर स्वतः कन्नड शिकले आणि मुलींना समजेल असे साहित्य त्यांनी तयार केले. मोबाइल त्यानंतर कामाला आला. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हेही सांगायला हवे.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. यंत्र नसते, तर त्या काळात शाळा पूर्णच थांबली असती. त्याचे हे ऋण मानलेच पाहिजे. पण ते कोणाकोणाला मिळाले? 'असर' या देशातील ग्रामीण भागाच्या पाहणीनुसार २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले. एवढी वाढ झाली, तरी ज्यांच्या घरी फोन होता, त्यांपैकी सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. हे समजायला फार विचार नको. घरात फोन एक, भावंडे तीन, आणि फोन घेऊन अब्बा सकाळीच कामावर गेलेले. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यालाही फळा दिसतो. फोनच्या शाळेत मागच्या बाकावरचे मूल कोणाच्या नजरेसच पडले नाही.

आता थोडे तुमच्या लिपीविषयी. उर्दूची नस्तालीक लिपी पाहायला सुंदर, पण यंत्राला फार अवघड. अक्षराचा आकार शब्दातल्या जागेप्रमाणे बदलतो, आणि शब्द उजवीकडून डावीकडे जाता जाता खाली उतरतो. इंग्रजी अक्षरांसारखे खिळे एका रांगेत बसवून हे साधत नाही. म्हणून इतर भाषांत यंत्रावर जुळणी होत असताना उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. तुमच्या आजोबांनी वाचलेले पाठ्यपुस्तक बहुधा कोणा कातिबाच्या बोरूतून उतरलेले असेल. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकार लिहून काढले आणि 'नूरी नस्तालीक' संगणकावर आली. लाहोरचे 'जंग' हे दैनिक त्या अक्षरांत निघू लागले. १९९४ मध्ये दिल्लीत 'इनपेज' तयार झाले आणि छोट्या छापखान्यातही संगणकावर उर्दू उमटू लागली.

तरी एक अडचण राहिली. असा मजकूर कागदावर छान छापला जाई, पण तो दुसऱ्या संगणकाला वाचता येत नसे. म्हणून इंटरनेटवर कितीतरी वर्षे उर्दू पाने नुसत्या चित्रांसारखी टाकली जात. चित्रात शब्द शोधता येत नाही. इंग्रजी शाळेतला मुलगा 'प्रकाशसंश्लेषण' या अर्थाचा शब्द टाकून शंभर पाने मिळवी, तेव्हा उर्दू शाळेतल्या मुलीच्या हाती फारसे काही लागत नसे. दोघांच्या शाळेत संगणक एकाच कंपनीचा असला, तरी तो दोघांना सारखा नव्हता. गेल्या दहा-बारा वर्षांत हे बरेच सुधारले. आता मोबाइलवर नस्तालीक अक्षरे दिसतात आणि शब्द शोधताही येतात. पण नववी-दहावीच्या भूगोलाचा एखादा धडा उर्दूत शोधून पाहा आणि तोच इंग्रजीत शोधा. किती सापडते, याची नोंद दोन रकान्यांत करा.

२०२२ च्या अखेरीपासून तर असे यंत्र आले आहे, की विषय सांगितला की ते निबंधच लिहून देते. उर्दू वाक्य दिले, की त्याचे मराठी करून देते. तुम्ही मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकता, तेव्हा याचा मोह तुम्हांला सगळ्यांत जास्त. 'घर' हाच शब्द घ्या. तो दोन्ही भाषांत आहे. उर्दूत घर पुल्लिंगी, म्हणून तुमच्या तोंडून सहज 'माझा घर' निघते. मराठीत मात्र तिसरे, नपुंसक लिंगही आहे, आणि घर त्या लिंगातले आहे. यंत्राला विचारले, तर ते क्षणात 'माझे घर' असे बरोबर वाक्य लिहून देईल. शंकेचे निरसन करून घ्यायला ते वाईटही नाही. पण बाजारात, बसथांब्यावर, नोकरीच्या मुलाखतीत बोलायचे ते तुमच्या तोंडाने. 'माझा घर' म्हणणाऱ्या मुलीला आपा दहा वेळा टोकतात. अकराव्या वेळी ती 'माझा' म्हणून मध्येच थांबते, ओठ चावते, आणि आपांनी काही बोलायच्या आधीच म्हणते, "नाही, नाही आपा, माझं घर!"

शब्दार्थ

हद्दपार होणे – निघून जाणे, बाहेर घालवले जाणे
अभ्रा – कापडाचे आवरण
काटेकोर – अगदी नेमकी
ओसरणे – कमी होणे
लंबक – दोरीला टांगलेले, झोके घेणारे वजन
थबकणे – एकदम थांबणे
जोडाकार – अनेक अक्षरे मिळून झालेला एक आकार
बोरू – लिहिण्यासाठी तासलेली लेखणी
टोकणे – चूक दाखवून देणे

स्वाध्याय

१. फळ्याला लेखकाने 'गुणी साधन' का म्हटले आहे?
२. 'साइट' प्रयोगात एकाच चित्राचा उपयोग दोन भाषांसाठी कसा करता येत असे?
३. बडोद्यातील उपक्रम आणि पेरूतील योजना यांत कोणता फरक होता? सात-आठ ओळींत लिहा.
४. पडद्यावरचा लंबक विज्ञान शिकवू शकत नाही, असे लेखक म्हणतो. तुम्हांला हे पटते का? कारणे द्या.
५. पुढील शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील लिंग लिहा : घर, खिडकी, दरवाजा, दूध, शहर.
६. उपक्रम : पाच गट करा. एक मीटर लांबीच्या लंबकाचे वीस झोके मोजा. प्रत्येक गटाचे उत्तर फळ्यावर लिहा आणि फरक का पडला, यावर मराठीत चर्चा करा.